परसदारची करटुली

(आमच्या गावच्या रेडिओवरून श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

कामं आवरून बसला असाल, किंवा हात कामात आणि कान इकडं असतील. कसंही ऐका, चालेल.

मला सांगितलंय की देशी झाडांची परसबाग यावर बोल. मी काही कृषी खात्यातली बाई नाही. सातवी शिकलेय, घरची तीन एकर जमीन आहे आणि घरामागं सव्वा गुंठ्याचं परस आहे. या परसाची मी एकदा पार वाट लावली आणि मग ते पुन्हा उभं केलं. त्याला आठ वर्षं लागली. तेवढंच मला सांगता येण्यासारखं आहे.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, डोंगराच्या कडेला. पाऊस बरा पडतो, पण माघ संपला की विहीर तळ गाठते. मी लग्न होऊन आले तेव्हा परस आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या ताब्यात होतं. ताब्यात म्हणजे काय, तर त्या रोज सकाळी तिथं एक चक्कर मारायच्या, याचं पान उलटून बघ, त्याची फांदी वळव, बस्स. खुरपताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. कडेनं निर्गुडी आणि अडुळशाचं कुंपण होतं. मोरीचं पाणी जिथं निघायचं तिथं अळू. न्हाणीच्या भिंतीला तोंडलीचा वेल, त्यावर एक मोडकी खाट उभी करून केलेला मांडव. मधे कडीपत्ता, शेवगा, लिंबू. दगडाच्या गडग्यालगत एक कोपरा तसाच सोडलेला असायचा. पावसाळा लागला की तिथं टाकळा, कुरडू, केना, घोळ आपोआप उगवायचं. आणि गडग्यावर जुन्या बोरीच्या काट्यांवर चढलेला करटुलीचा वेल.

आपल्याकडं करटुली म्हणतात, कुणी करटोली म्हणतं, विदर्भात काटवल म्हणतात. नखाएवढे मऊ काटे असलेलं, लिंबाएवढं हिरवं फळ. कारल्याच्या कुळातलं, पण कडू लागत नाही. वेल थंडीत वाळून जातो, जमिनीवर काहीच राहत नाही. खाली कंद झोपलेला असतो. मृगाचा पाऊस पडला की तो उठतो. श्रावणात रोज चार-आठ फळं मिळायची. कांदा, लसूण, थोडं खोबरं घालून आत्याबाई भाजी करायच्या. घरात आठ माणसं, वाट्याला दोन-दोन फोडी यायच्या, पण त्या दिवशी भाकरी जास्त लागायची.

मग आमचं नवीन घर झालं. स्लॅबचं, पुढं व्हरांडा, फरशी. दसऱ्याच्या आधी वास्तुशांत ठरली. पुण्याहून पाहुणे येणार, नणंदेच्या सासरची माणसं येणार. मला त्या परसाची लाज वाटायला लागली. बायांनो, खरं सांगते, लाजच. लोक म्हणतील एवढं घर बांधलं आणि मागं रान वाढवलंय. मी मालकांच्या मागं लागले. खुरपायला माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी शेतासाठी आणलेलं तणनाशक पंपात भरलं आणि कुंपणाच्या आत सगळीकडं मारलं. अर्ध्या तासाचं काम. आठ दिवसांत सगळं पिवळं पडलं, मग तपकिरी. आम्ही ते झाडून काढलं, मुरूम टाकला, शहरातल्या नर्सरीतून बारा कुंड्या आणि वीस रोपं आणली. काही पानं लाल, काही पिवळी, एक निळसर. पाहुणे म्हणाले, छान आहे हो.

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. तेव्हा त्यांना नजरेनं कमी दिसायचं.

पुढच्या वर्षी मृग बरसला. आठ-दहा दिवसांनी त्या काठी टेकत मागं गेल्या, गडग्याला हात लावत लावत. बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. आत येऊन मला विचारलं, “वेल कुठाय गं?” मी म्हटलं, येईल की, अजून पाऊस कुठं झालाय. पण मला तेव्हाच कळलं होतं. ते औषध पानावर पडलं तरी पानात राहत नाही, खाली मुळापर्यंत उतरतं. भादव्यात वेल हिरवागार होता, फळं संपत आली होती, आता कंदात अन्न साठवायचे त्याचे दिवस होते. वेलानं अन्न खाली पाठवलं, त्याबरोबर औषधही खाली पाठवलं. कंद कुजला होता. मी खणून पाहिला.

त्या श्रावणात मी नारायणगावच्या बाजारातून करटुली आणली. त्यांनी खाल्ली, चांगली झालीये म्हणाल्या. दुसऱ्यांदा वेलाचं नाव काढलं नाही.

आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पहिल्यांदा काय उगवलं माहीत आहे? गाजरगवत. आधी आमच्या परसात ते कधी नव्हतं. जागाच नव्हती त्याला. टाकळा आणि कुरडू इतके दाट यायचे की खाली ऊन पोचायचं नाही. आम्ही जमीन उघडी केली आणि याला आमंत्रण दिलं. हे गवत आपल्याकडचं नव्हे. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली, परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सांगतात. आता तुमच्या-माझ्या बांधावर तेच आहे. अंगाला खाज सुटते, जनावर तोंड लावत नाही. माझ्या हातावर दोन उन्हाळे चट्टे होते.

नर्सरीतल्या वीस रोपांचं काय झालं तेही सांगते. फाल्गुनात विहीर आटली. प्यायच्या पाण्याला टँकर. कुंड्यांना कुठून घालू पाणी? वैशाखापर्यंत वीसातली दोन उरली. अडुळसा मात्र, ज्याच्यावर पंपाची तुषार उडाली होती आणि अर्धा जळाला होता, तो एक थेंब न घालता पुन्हा फुटला. निर्गुडीही फुटली. शेवग्यानं पानं गाळली आणि उभा राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आत्याबाई खुरपत का नव्हत्या, पाणी घालताना का दिसत नव्हत्या. त्यांनी तिथं तेच ठेवलं होतं जे या जमिनीवर, या पावसावर जगतं.

आता देशी झाड म्हणजे काय, यावर थोडं बोलू, कारण यात आपल्या बैठकीत नेहमी वाद होतो. आपण गावठी म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. गावठी टोमॅटो म्हणजे घरी राखलेलं जुनं बी, हे खरं. पण टोमॅटो हे झाड मूळचं आपलं नाही. मिरचीसुद्धा नाही, ती पोर्तुगीजांबरोबर आली. बटाटा, पेरू, पपई, सीताफळ, भुईमूग, मका ही सगळी अमेरिकेकडची. दसऱ्याला तोरणात लावतो तो झेंडू मेक्सिकोकडचा. म्हणून काय मिरची उपटून टाकायची? मी तरी टाकणार नाही. बाहेरून आलंय म्हणून वाईट असं धरलं तर बायांनो, आपण सगळ्याच सुना बाहेरून आलोत.

फरक असा बघा. मिरची आली आणि परसात राहिली. बी आपण टाकलं तर उगवते, नाहीतर नाही. घाणेरी तशी नाही. तीही इंग्रजांच्या काळात बागेत शोभेला म्हणून आणली, फुलं छान रंगीत दिसतात म्हणून. पाखरांनी फळं खाल्ली, बी डोंगरावर टाकलं. आज आपल्या डोंगरावर जाऊन बघा, जिथं करवंद होतं, तोरणं होती, तिथं घाणेरीची जाळी आहे. शेळी खात नाही, माणसाला आत शिरता येत नाही. म्हणजे कुणाच्या तरी अंगणातलं शोभेचं झाड आपल्या चराऊ रानावर चढून बसलं. म्हणून कुणी म्हणालं की हे नवीन झाड लावा, लवकर वाढतं, काही करावं लागत नाही, तर मी आधी विचारते की याचं बी कोण नेतं आणि जनावर याला खातं का.

तर मी पुन्हा सुरुवात केली ती करटुलीपासून. जाऊबाईंच्या माहेरच्या बांधावर वेल होता. वैशाखात तिथून एक कंद आणला, मुठीएवढा. चार बोटं खोल, कोंब वर करून, शेणखत घालून गडग्याजवळ लावला. पाणी साचू देऊ नका, नाहीतर कंद सडतो, एवढं मला ठाऊक होतं. पाऊस पडला, वेल आला. काय सांगू तुम्हाला मला किती आनंद झाला. आत्याबाईंचा हात धरून नेलं, पानं हाताला लावली. फुलं आली, पिवळी, भरपूर. फळ एक नाही.

म्हटलं पहिलं वर्ष आहे. दुसऱ्या वर्षी वेल दुप्पट, फुलं चौपट. फळ नाही. शेणखत घातलं, राख घातली, ताक घातलं. एका बाईनं सांगितलं, वेलाला नजर लागली, चप्पल बांध. तीही बांधली. त्या वर्षी पौषात आत्याबाई गेल्या.

तिसऱ्या वर्षी आमच्या गटात बियाण्यांवर बोलायला एक ताई आल्या होत्या. त्यांना परसात नेलं. त्यांनी एक फूल तोडलं, उलटं केलं आणि हसल्या. म्हणाल्या, अहो, हा नर आहे. याला जन्मभर फळ यायचं नाही.

करटुलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. दुधी, काकडी, कारलं यांना एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात, म्हणून आपल्याला हे सुचत नाही. हे आत्याबाईंना नक्की ठाऊक असणार. त्यांचा वेल मादी होता आणि नर पलीकडं ओढ्याच्या काठाला कुठंतरी असणार, तिथून पाखरू-किडा ये-जा करत असणार. मी कधी विचारलं नाही. पंधरा वर्षं एका घरात राहून भाजी कशी करायची ते विचारलं, वेल कसा राखायचा ते नाही विचारलं.

आता कान देऊन ऐका, कारण हे काम याच महिन्यातलं आहे. आत्ता वेलांना फुलं आहेत. फूल खालून बघा. मादी फुलाच्या खाली, देठाच्या टोकाला, कळीपासूनच एक इवलंसं फळ असतं, वाटाण्याहून लहान, त्यावर लव असल्यासारखे मऊ काटे. नर फुलाखाली तसं काही नसतं. नुसता बारीक देठ आणि फुलाच्या बुडाला टोपीसारखं एक छोटं पान. एकदा दोन्ही शेजारी धरून पाहिलीत की जन्मात विसरणार नाही. मादी वेलाच्या बुडाशी लाल चिंधी बांधा, नराच्या बुडाशी पांढरी. चिंधी वेलाला बांधू नका, वेल वाळून उडून जातो. बुडाशी काठी रोवून तिला बांधा किंवा दगडावर रंगानं खूण करा. मार्गशीर्षानंतर जमिनीवर काही दिसत नाही, मग कुठं खणणार? वैशाखात खूण बघून कंद काढायचा, जोडकंद असेल तर एखादा वेगळा करायचा, बाकीचा तिथंच मातीत झाकायचा. मादीच्या कंदातून मादीच येते, नराच्या कंदातून नर. बियांपासून केलं तर काय येईल ते फूल येईपर्यंत कळत नाही, शिवाय बी कठीण, उगवायला फार नखरे करतं.

आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. एक नर ठेवायचाच, फळ देत नाही म्हणून उपटायचा नाही. फुलं संध्याकाळी उमलतात, दिवेलागणीच्या सुमारास, आणि वास येतो. रात्रीचे पतंग त्यावर येतात. आपल्या परसात पतंग कमी असतील, शेजारी फवारणी जास्त होत असेल, तर आपण हातानं करायचं. उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या आणि आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. पंधरवड्यात फळ काढण्याजोगं. बी कठीण व्हायच्या आत तोडा. पिकलं की शेंदरी होऊन उकलतं, ते एक-दोन पाखरांना राहू द्या.

जाऊबाईंच्याच माहेरहून मी मादीचे तीन कंद आणले. यंदा चौथं वर्ष. घरी खाऊन मागच्या श्रावणात अकरा किलो विकली. भाव मी सांगत नाही, तुम्ही बाजारात विचारा, तुमच्या लक्षात येईल. औषध नाही, पाणी नाही, नांगरट नाही. एवढंच की जागा सोडावी लागते.

करटुलीवर मी फार बोलले. बाकीचं थोडक्यात सांगते.

कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी. दोन्ही काडीपासून लागतात, पावसाच्या सुरुवातीला हातभर लांबीच्या काड्या एक वीत अंतरावर खोवायच्या. दोन्हींना शेळी तोंड लावत नाही, म्हणून तारेचा खर्च वाचतो. निर्गुडीचा पाला धान्याच्या कणगीत घालतात, किडा कमी लागतो. अडुळशाला थंडीत पांढरी फुलं येतात, त्या वेळी दुसरं फारसं फुललेलं नसतं, मधमाश्या तिथंच असतात. खोकल्याला अडुळसा सगळ्यांना माहीत आहे, पण पोटुशी बाईनं अडुळशाचा काढा घेऊ नये, हे मी मुद्दाम सांगते. दिवस गेलेल्या सुनेला, लेकीला देऊ नका.

तोंडलीची काडी आणताना फळं धरणाऱ्या वेलाचीच आणा. कडीपत्त्याची काळी पिकलेली फळं आत्ता झाडाखाली पडतात, ती लगेच रुजवा. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही, मी दोनदा फसलेय. कडीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, मोठी झाली की हिरवी होते. मारू नका. ती फुलपाखराची आहे. चार पानं खाते आणि जाते. काळं मोठं, मागच्या पंखांवर निळा रंग असलेलं फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. त्याला नीलवंत म्हणतात, 2015 साली ते आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. त्याची अळी लिंबाच्या जातीच्या झाडावरच वाढते. माझी नात त्या अळ्या मोजते, शाळेतून आल्यावर तिचा तोच उद्योग.

पुढच्या अंगणात सावलीला आणि फुलांना एखादं मोठं झाड हवं असेल तर गुलमोहर लावायच्या आधी विचार करा. तो मादागास्करचा. दिसतो सुंदर, पण लाकूड ठिसूळ, वादळात फांदी पत्र्यावर येते. त्यापेक्षा ताम्हण लावा. ते आपलं राज्यफूल आहे, उन्हाळ्यात जांभळं फुलतं. पाणी कमी असेल तर बहावा लावा. आणि आपटा. दसऱ्याला आपण डोंगरावरचा आपटा ओरबाडून आणतो, अर्ध्या वेळा तर आपटा म्हणून कांचनच असतो. दारात एक आपटा असला तर गल्लीला सोनं पुरतं. फक्त घराच्या भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब लावा.

आता तो सोडलेला कोपरा. माझ्या मते परसातली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच आहे आणि तीच आपण सगळ्यात आधी साफ करतो. चार हात बाय चार हात जागा सोडा. एक पावसाळा काहीही करू नका, फक्त गाजरगवत तेवढं फुलायच्या आत हाताला पिशवी बांधून मुळासकट उपटा. माझ्याकडं दुसऱ्या वर्षी टाकळा परत आला, पलीकडच्या ओढ्याकडून मूठभर बी मीच टाकलं होतं. टाकळा दाट झाला तसं गाजरगवत हटलं. कुरडू यायला तिसरं वर्ष लागलं. केना आपोआप आला. टाकळा आणि कुरडू कोवळे असतानाच खुडायचे, फुलावर आले की राहू द्यायचे, त्यांचं बी पडू द्यायचं. दरवर्षी सगळंच खुडलं तर पुढच्या वर्षी काय उगवणार?

पुढच्या महिन्यात ऋषिपंचमी आहे. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाही. आता आपण ती भाजी बाजारातून विकत आणतो, ट्रॅक्टरच्या शेतातली, आणि म्हणतो बैल नव्हता ना, मग झालं. हसू नका, मीही तेच करत होते. पण आपल्या आज्ज्यांनी हे व्रत धरलं तेव्हा त्यांच्या मागच्या दारी अळू, माठ, पडवळ, भोपळा आणि हा सोडलेला कोपरा होता, म्हणून ते जमत होतं.

एक सावधगिरी. देशी आहे म्हणजे खाता येतं असं नाही. कळलावी आपलीच आहे, लाल-पिवळं फूल ज्योतीसारखं दिसतं, पावसाळ्यात कुंपणावर येते. तिचा कंद जहरी आहे, सगळी वेलच जहरी आहे. कंद खणताना पोरं जवळ असतात, त्यांना दाखवून ठेवा. जी भाजी तुम्ही स्वतः ओळखत नाही ती कुणी मोबाइलवर दाखवली म्हणून खाऊ नका. गावातली जी म्हातारी ओळखते तिला घेऊन एकदा बांधावरून फिरा. आणि कंद आणायचे ते आपल्या किंवा नात्यातल्यांच्या बांधावरून, मालकाला विचारून. वनखात्याच्या हद्दीत खणायला जाऊ नका, आणि कुठंही सगळा कंद उपटून आणू नका. शतावरीचं आपल्या डोंगरावर हेच झालं, ज्यानं त्यानं मुळासकट नेली.

आपल्या डोंगरापलीकडं अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक आहेत. शाळेत गेल्या नाहीत, पण वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या किती जाती त्यांनी घरात राखल्या, बायांना वाटल्या. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला त्यांचं एवढंच घ्यावंसं वाटतं की त्यांनी बी कपाटात ठेवलं नाही, दुसऱ्या बाईच्या परसात ठेवलं. माझा वेल मेला तेव्हा जाऊबाईंच्या माहेरी वेल होता म्हणून मला कंद मिळाला. तिथंही नसता तर?

म्हणून आमच्या गटानं एक वही केली आहे. कुणाच्या परसात काय आहे, नर की मादी, कुठं खूण केली आहे, कुणाला काय दिलं. पहिल्या पानावर मी आत्याबाईंच्या परसातली झाडं आठवून आठवून लिहिली. एकोणीस झाली. त्यातली चौदा परत आली आहेत. दोन झाडांची नावं मला आठवत नाहीत, नुसती पानं आठवतात. एकाचं पान चुरडलं की आल्यासारखा वास यायचा. कुणाच्या परसात तसं काही असेल तर मला कळवा, मी बघायला येईन.

आणि माझ्याकडं यंदा नराचे वेल जास्त झालेत, चार आहेत, मला एक पुरे. ज्यांच्या करटुलीला नुसतं फूल येतं आणि फळ धरत नाही, त्यांनी आज दिवेलागणीला वेलापाशी जाऊन फूल उलटं करून बघा. खाली काटेरी फळ दिसलं तर तुमचा वेल मादी आहे, तिला नर हवा आहे. शनिवारच्या बैठकीत नाव द्या, नराची फुलं लगेच घेऊन जा, कंद वैशाखात देईन. नुसता देठ दिसला तर तुमचाही माझ्यासारखा नर निघाला. मग तुम्ही मादीवालीच्या शेजारी बसा.